बाकड्यावरची चाळीस वर्षं

कुरखेड्यातली कचेरी मी नंतर पाहिली, चहाचं हॉटेल आधी. एका दाखल्यासाठी बाबा मला घेऊन आले होते. साहेब दौऱ्यावर होते, म्हणून सकाळी दहापासून दुपारी चारपर्यंतचा वेळ आम्ही त्या हॉटेलच्या लाकडी बाकड्यावर बसून काढला. सहा तासांत बाबांनी दोन चहा घेतले आणि मला एक आलूबोंडा दिला. हॉटेलवाल्याने एकदाही उठायला सांगितलं नाही. उलट आधी कोणत्या खिडकीशी जायचं, अर्ज कोण लिहून देतो, तिकीट कुठे मिळतं, हे सगळं त्यानेच समजावलं. येणारा-जाणारा बाबांना विचारायचा, "झाला का गा काम?" काम झालं नव्हतं. पण घरी परतताना आमच्याजवळ दुसऱ्या तीन गावांच्या बातम्या होत्या आणि एका सोयरिकीचा निरोपही.

जिल्हा तेव्हा नवा होता. 26 ऑगस्ट 1982 ला चंद्रपूरचं विभाजन होऊन गडचिरोली वेगळा झाला. त्याआधी जिल्ह्याचं काम म्हणजे थेट चंद्रपूर, म्हणजे दिवस मोडायचा आणि मुक्कामाची सोय बघायची. कचेऱ्या जवळ आल्या तशी त्यांच्या दाराशी वाट पाहणारी माणसं वाढली. रानातल्या गावातून पहाटे निघालेला माणूस कुरखेड्यात पोचला की पुढचा अख्खा दिवस त्याला कुठेतरी टेकायला जागा लागते. ती त्याला चहाच्या टपरीने दिली.

अमेरिकी समाजशास्त्रज्ञ रे ओल्डनबर्ग यांनी 1989 च्या आपल्या पुस्तकात अशा ठिकाणांना 'तिसरी जागा' म्हटलं: घर पहिली, काम दुसरी, आणि दोन्हींच्या मधली ही. त्यांच्या डोळ्यांपुढे कॅफे होते, पब होते, न्हाव्याची दुकानं होती. आपल्याकडेही या विषयावर लेख निघाला की पुण्याचं 1935 पासूनचं गुडलक येतं, मुंबईचे इराणी येतात. आमच्या बाकड्यांची नोंद मात्र कुणी ठेवली नाही, आणि मला ते लागतं. गुडलकमध्ये बसणाऱ्याला घरी जायला रस्ता होता. इथे शेवटची एसटी चुकली तर त्याच बाकड्यावर रात्र काढावी लागायची.

कॉफी इथे फारशी रुजली नाही. दुधाचा चहासुद्धा तालुक्याच्या गावचा. आतल्या गोंड गावांत कोरा चहा. गाईचं दूध वासराचं, ते आपण काढायचं नाही, हा तिथला जुना संकेत. त्यामुळे टपरीवर 'बिनदुधाची' मागणारा दिसला की तो आतल्या गावचा, हे आम्हा पोरांना लगेच कळायचं.

आणि ही तिसरी जागा बाजाराने दिली त्याच्या कितीतरी आधी गोंड गावांजवळ स्वतःची होती: गोटूल. घर आणि रान यांच्या मधली, कुणा एकाच्या मालकीची नसलेली. शेजारच्या धानोरा तालुक्यातल्या मेंढा (लेखा) गावाने 1980 च्या दशकाच्या अखेरीस नवं गोटूल बांधलं. लाकूड जंगलातलं म्हणून वनखात्याने ते पाडलं. लोकांनी पुन्हा उभारलं. याच गावात गावचे देवाजी तोफा आणि कार्यकर्ते मोहन हिराबाई हिरालाल यांच्या सोबतीने अभ्यासगट चालले. माणसं बसून कायदा समजून घेत राहिली. पुढे 2009 मध्ये सामूहिक वनहक्क मिळवणाऱ्या देशातल्या पहिल्या गावांत मेंढा होतं, आणि 2011 मध्ये बांबूच्या वाहतुकीचा पास गावाच्या हाती आला. मला यात बसण्याचा वाटा फार मोठा दिसतो. घाई असलेल्या माणसांकडून हे झालं नसतं.

टपरीवरचं बसणं तितकं मोकळं कधीच नव्हतं. बाकड्यावर अनोळखी माणूस येऊन बसला की विषय धानाकडे नाहीतर पावसाकडे वळायचा. कोण कुणाला काय सांगेल याचा भरवसा नसायचा, आणि बोलण्याची किंमत जिवाने चुकवावी लागल्याच्या गोष्टी प्रत्येक गावाला ठाऊक होत्या. 1 मे 2019 ला जांभुळखेड्याजवळ नक्षलवाद्यांनी घडवलेल्या स्फोटात 15 पोलीस जवान आणि त्यांचा वाहनचालक गेले. त्यानंतर कित्येक दिवस टपरीवर माणसं यायची, चहा घ्यायची आणि उठायची. 1675 मध्ये इंग्लंडच्या दुसऱ्या चार्ल्स राजाने कॉफीगृहं बंद करण्याचा हुकूम काढला होता. लोक ओरडले तेव्हा काही दिवसांतच त्याला तो मागे घ्यावा लागला. आमच्याकडे हुकुमाची गरजच पडली नाही. भीतीनेच ते काम केलं.

1993 पासून जिल्ह्यात दारूबंदी आहे. चोरून मिळते, हे सगळ्यांना माहीत आहे. तरी उजेडात, चारचौघांत बसायची जागा म्हणून चहाचं हॉटेलच उरलं, हे मी बंदीचं चांगलं फळ मानतो. त्याच बाकड्यावर तंबाखू-सुपारीचा खर्रा घोटला जातो, हे दुःखही तिथलंच.

पण चाळीस वर्षांत मला सर्वांत जास्त खटकलेली गोष्ट वेगळी आहे. बाकड्यावर बाई नव्हती. आई बाजाराला यायची, पण चहा प्यायची ती ओळखीच्या दुकानामागे, उभ्याने. बायांची तिसरी जागा दुसऱ्या वाटेने आली. 1984 मध्ये डॉ. सतीश गोगुलवार आणि शुभदा देशमुख यांनी कुरखेड्यात 'आम्ही आमच्या आरोग्यासाठी' ही संस्था सुरू केली. पुढे गावोगाव बचत गटांच्या बैठका भरू लागल्या. महिन्याचे पैसे गोळा करायला म्हणून घरून निघता येऊ लागलं, आणि पैसे मोजून झाल्यावरही बाया बसून राहू लागल्या. तिकडे कोरची तालुक्यातल्या ग्रामसभांच्या महाग्रामसभेत आता गावागावाचे प्रतिनिधी जातात, त्यांत पुरुषांच्या बरोबरीने बाया असतात.

गेल्या उन्हाळ्यात, तेंदूचा हंगाम नुकताच आटोपला होता, तेव्हा मी त्याच जुन्या हॉटेलात बसलो होतो. बाकडं आता लोखंडी आहे. दुपारी पाच बाया आल्या. एकीच्या पिशवीत ग्रामसभेचं रजिस्टर होतं. उभ्या राहिल्या नाहीत, सरळ बाकड्याकडे आल्या. मी आणि माझ्या शेजारचे काका सरकून भिंतीला टेकलो. सर्वांत वयस्क होती तिने आत आवाज दिला, "पाच चाय दे गा बाबू. एक बिनदुधाची."