उन्हाळा, एसी आणि पियानो

फीनिक्सचा उन्हाळा म्हणजे घरात कोंडून घेणे. २०२३ साली इथे सलग ३१ दिवस कमाल तापमान ११० अंश फॅरनहाइट (सुमारे ४३ सेल्सिअस) किंवा त्याहून जास्त राहिले. त्या वर्षी मॅरिकोपा काउंटीत उष्णतेशी संबंधित ६४५ मृत्यूंची नोंद झाली. घरात दगावलेल्यांपैकी बहुतेकांच्या घरी एसी नव्हता, बिघडलेला होता किंवा बंद होता.

आता आपल्या घरात डोकावू या. मुलगा-सून ऑफिसला गेली की भारतातून आलेले आई-बाबा हळूच एसी बंद करतात. कारण अर्थातच बिल! बाबा पाश्चात्य संगीताचे शौकीन असतील तर दुसरेही कारण मिळते : या घरघरीत पियानो ऐकू येत नाही. ही तक्रार मात्र रास्त आहे. पियानोच्या हळुवार आणि जोरकस स्वरांत फार मोठे अंतर असते. सातीच्या ‘जिम्नोपेदी’सारख्या रचनेतले मंद स्वर खिडकीतल्या एसीच्या आवाजाखाली सहज बुडतात. मग आपण आवाज वाढवतो आणि पुढचा जोरकस भाग कानावर आदळतो. १० डेसिबल वाढले म्हणजे ध्वनीची शक्ती दहापट झाली, हे विसरू नये. हेडफोन लावणाऱ्यांनी तर जपूनच राहावे. ८५ डेसिबलला आठ तास ही कामाच्या ठिकाणची मर्यादा मानतात. पुढे दर ३ डेसिबलला ती वेळ निम्मी होते.

पण यावर एसी बंद करणे हा उपाय नव्हे. संगीताने मन निवते, शरीर नाही. उलट गाण्यात रंगलेल्या माणसाला खोली किती तापली हे उशिरा कळते. वय वाढले की तहान कमी जाणवते, घामही कमी येतो. रक्तदाबासाठी लघवीची गोळी चालू असेल तर अंगातले पाणी आणखी घटते. पंखा पुरेल असे वाटते, पण त्वचेचे तापमान साधारण ३५ सेल्सिअस असते. हवा त्याहून गरम झाली की पंखा गरम हवाच अंगावर फेकतो. बोलणे असंबद्ध झाले, अंग फार तापले, तर वाट न पाहता ९११ ला फोन करावा आणि तोवर अंगावर पाणी शिंपडून वारा घालावा.

मग करायचे काय? थर्मोस्टॅटवर पंख्याचे बटण ‘ऑन’ऐवजी ‘ऑटो’वर ठेवा. हवे ते तापमान गाठले की यंत्र थांबते आणि मधूनमधून शांतता मिळते. फिल्टर महिन्याला पाहा. तुंबलेला फिल्टर आवाजही वाढवतो आणि बिलही. स्पीकर खुर्चीजवळ आणा. अंतर निम्मे केले की आवाज न वाढवता चार-सहा डेसिबल पदरात पडतात.

बिलाचे म्हणाल तर वेळेनुसार दर लावणाऱ्या योजनेत दुपार उलटल्यावरची वीज सर्वांत महाग असते. त्याआधी घर दोन-तीन अंश जास्त गार करून ठेवावे. दिवसाचे आठ तास थर्मोस्टॅट ७ ते १० अंश फॅरनहाइट वर नेला तर वर्षाच्या खर्चात १० टक्क्यांपर्यंत बचत होते, असा सरकारी अंदाज आहे. पण तो रिकाम्या घरासाठी! कूलिंगचे महिन्याला २०० डॉलर धरले तर वाचणार फार तर २०. इथे इमर्जन्सी रूमची एक फेरी हजारो डॉलर्सची होऊ शकते. व्हिजिटर्स इन्शुरन्सच्या स्वस्त पॉलिसी बहुधा ठरावीक रक्कमच देतात आणि जुने दुखणे वगळतात. हा हिशेब आई-बाबांना कागदावर मांडून दाखवा. नुसते सांगून ऐकणारी ती पिढी नव्हे.

पाण्यासाठी एक युक्ती. रेकॉर्ड संपली की तहान लागो न लागो, पेलाभर पाणी किंवा ताक प्यायचे (हृदयाचा किंवा मूत्रपिंडाचा विकार असल्यास प्रमाण डॉक्टरांना विचारून). ग्लेन गुल्डने बाखची ‘गोल्डबर्ग व्हेरिएशन्स’ दोनदा ध्वनिमुद्रित केली. १९८१ ची सुमारे ५१ मिनिटांची आहे, १९५५ ची ३८-३९ मिनिटांची. उन्हाळ्यात १९५५ चीच लावावी, पाणी लवकर मिळते! वाजवताना गुल्ड गुणगुणत असे. ते गुणगुणणे ऐकू आले, तर तुमचा एसी पुरेसा शांत आहे असे समजा.