नगरसंस्थेचा ठराव व त्याचें लेखप्रामाण्य
(बाभुळगांव, जि. यवतमाळ, या स्थळाच्या अनुरोधानें)

एखादा महजर हातीं आला म्हणजे संशोधक प्रथम हाजिर मजालसीचीं नांवें वाचतो, पाटलाचा नांगर व बलुतेदारांच्या निशाण्या पाहतो, आणि मगच निवाड्याच्या मजकुराकडे वळतो. निर्णय काय झाला याइतकेंच तो कोणीं, कोणासमक्ष व कोणत्या अधिकारानें केला, यावर कागदाचें प्रामाण्य अवलंबून असतें. हाच कस अर्वाचीन नगरसंस्थांच्या ठरावांसहि लावला पाहिजे, हें दाखविण्याचा प्रस्तुत टिपणाचा हेतु आहे.

बाभुळगांव हें स्थळ घेण्यास कारण आहे. १८५३ च्या तहानें वऱ्हाडचा कारभार निजामाकडून कंपनी सरकारकडे गेला. १९०३ सालीं तो मध्यप्रांताशीं जोडला गेला. १९५६ सालीं हा मुलूख मुंबई राज्यांत व १९६० सालीं महाराष्ट्रांत आला. प्रत्येक पालटाबरोबर दप्तराची भाषा, लिपि अथवा नमुना बदलला. गुरचरणाकडे ठेवलेल्या सरकारी जमिनीस येथें अद्यापि ‘ई-वर्ग’ म्हणतात, ती जुन्या वऱ्हाडी महसूल-पद्धतीचीच खूण होय. पुढें २०१४ सालीं तालुक्याच्या मुख्य ठिकाणच्या ग्रामपंचायतींस नगरपंचायतीचें रूप देण्याचें धोरण शासनानें स्वीकारलें. बाभुळगांवची ग्रामपंचायत जाऊन नगरपंचायत आली ती या ओघांतच. अशा वेळीं जुन्या संस्थेची मालमत्ता नव्या संस्थेकडे येते. परंतु ती कोणती, हें सांगणारा साक्षी दप्तरच असतो.

आतां ठरावाचा अधिकार पाहूं. १९६५ च्या नगरपरिषद अधिनियमान्वयें नगरसंस्थेस आपली स्थावर मालमत्ता केवळ स्वतःच्या ठरावानें विकतां येत नाहीं. त्यास शासनाची मंजुरी लागते. ठरावाची अंमलबजावणी तहकूब करण्याचा अधिकार जिल्हाधिकाऱ्यास आहे. तसेंच १९६६ च्या नगररचना अधिनियमाप्रमाणें विकास-योजनेंत एखादी खासगी जमीन मैदानासाठीं अगर शाळेसाठीं आरक्षित झाली, तरी अंतिम योजना अमलांत आल्यापासून दहा वर्षांत ती संपादन न झाल्यास मालक सूचनापत्र देऊं शकतो. त्यानंतर चोवीस महिन्यांतहि कांहीं न घडल्यास आरक्षण रद्द होतें. तस्मात् ‘मैदानासाठीं राखून ठेवावी’ असा ठराव सांपडला, एवढ्यावरून मैदान झालें असें लिहिणें हा प्रमाद होय. विषयपत्रिका, उपस्थितांच्या सह्या, इतिवृत्त, मंजुरीचा हुकूम, नकाशा, ताबेपावती व मालमत्तेची नोंदवही ही सांखळी जुळली, तरच निर्णय घडला असें म्हणतां येतें.

आपल्या शास्त्रकारांनीं हा विषय क्षुल्लक मानिला नव्हता. याज्ञवल्क्यानें ‘संविद्-व्यतिक्रम’ या व्यवहारपदांत गणाचें द्रव्य हरण करणारा आणि गणाची संविद्, म्हणजे एकत्र केलेला करार, मोडणारा, या दोघांना एकच दंड सांगितला आहे: सर्वस्वहरण करून राष्ट्राबाहेर घालविणें. ठराव मोडणें व समाईक द्रव्य चोरणें त्यानें एका पंक्तीस बसविलें, हें लक्षांत घेण्यासारखें आहे. दक्षिणेंतील उत्तरमेरूर येथील परांतक चोलाच्या काळच्या, दहाव्या शतकांतील लेखांतहि, ज्यानें पूर्वीं समितीवर राहून हिशेब दिला नाहीं त्यास पुन्हां निवडूं नये, असा निर्बंध आहे.

शेवटीं संग्राहकांस एक विनंति. संस्थेचें रूप पालटतें तेव्हां जुनीं बाडें हलतात व कांहीं रद्दींत जातात. त्यांतून एखादा मोडी तुकडा वेंचून बाकीचें रुमाल सोडून देण्याचा मोह आपणां सर्वांस होतो. प्रस्तुत लेखकहि त्यास अपवाद नाहीं. परंतु बाडाचा क्रम मोडला कीं त्यांतील प्रत्येक कागदाचें बळ कमी होतें. मूळ कागद दप्तरींच राहूं द्यावेत, ओळीनें नकला कराव्यात, रुमालाचा क्रमांक टिपावा. २००५ च्या माहितीच्या अधिकारान्वयें प्रमाणित नकलाहि मागतां येतात. खासगी जमिनीस वारस असतो व तो तिच्यासाठीं भांडतो. गांवच्या बाजाराच्या जागेस व गुरचरणास मात्र दप्तराखेरीज वारस नाहीं. तें दप्तर गेलें तर इतिहास जाईलच. पण त्याआधीं जमीन गेलेली असेल.