धान कापण्याआधी : मोजा, मग फवारा

रायपूरच्या इंदिरा गांधी कृषी विश्वविद्यालयाची स्थापना 1987ची. जवळच बरोंडा येथे धानासह पिकांच्या कीड-रोगांवर संशोधन करणारी राष्ट्रीय जैविक ताण व्यवस्थापन संस्था आहे. धानाच्या कीड-रोगांवर फवारणी करताना शेतात लक्षात ठेवायच्या गोष्टी अशा :

• आधी मोजणी : बांधीत फिरून चुडाच्या बुंध्याशी तपकिरी तुडतुडे मोजा. चुडामागे साधारण 10 ते 15 आढळले, तरच कीटकनाशकाचा विचार करा.

• युरियाला लगाम : पानाचा रंग पर्णरंग तक्त्याशी जुळवून नत्र द्या. जादा नत्राने तुडतुडे आणि करपा दोन्ही बळावतात.

• ड्रोनचे गणित : ड्रोनला एकरी सुमारे 10 लिटर पाणी पुरते, पण त्याने औषध आपोआप कमी होत नाही. प्रादुर्भावाचा पट्टा ओळखून तेवढाच फवारला, तरच औषध वाचते.

• थांबण्याचे दिवस : शेवटची फवारणी आणि कापणी यांत लेबलवर छापलेले अंतर पाळायलाच हवे.

• बाजाराचा धडा : युरोपीय संघाने 2017 मध्ये तांदळातील ट्रायसायक्लाझोल या करप्यावरील बुरशीनाशकाच्या अवशेषांची मर्यादा किलोमागे 1 मिलिग्रॅमवरून 0.01वर आणली आणि भारतीय बासमतीची निर्यात अडचणीत आली.