घरीं करावयाचें थंड चॉकलेट पुडिंग

सणाच्या दिवशीं जेवणानंतर थंड पुडिंग वाढलें, तर लहानथोरांस सारखाच आनंद होतो. हें पक्वान्न सोपें आहे. तथापि तें पुष्कळदां बिघडतें, व त्याचें कारण चुलीवरील चूक नसून थंड करण्याची घाई हें असतें, असें आमचें मत आहे.

अर्धा लिटर दूध घ्यावें. ४० ग्रॅम कॉर्नफ्लोअर, २५ ग्रॅम कोको व ७५ ग्रॅम साखर हीं आधीं कोरडींच एकत्र करून थोड्या थंड दुधांत कालवावीं. कोको एकटा टाकूं नये. त्यांत स्निग्धांश असल्यामुळें तो लवकर भिजत नाहीं व गुठळ्या होतात. उरलेलें दूध तापलें म्हणजे हें मिश्रण ढवळीत त्यांत ओतावें. कॉर्नफ्लोअरचे कण उष्णतेनें पाणी शोषून फुगतात, त्यायोगें दूध दाटतें. उकळी फुटल्यावरहि दोन मिनिटें ढवळावें, नाहीं तर चव कच्चट राहते. नंतर पाण्यानें ओल्या केलेल्या सांच्यांत ओतून अर्धा तास निवूं द्यावें, व फ्रिजच्या खालच्या कप्प्यांत चार तास ठेवावें. वीज गेली असल्यास सांचा बर्फाच्या पाण्यांत ठेवला तरी चालतो.

येथें एक मोह आवरावा. वसईस मिठागरें पिढ्यान्‌पिढ्या चालत आलीं. जाडें मीठ व बर्फ ही जोडी आइस्क्रीमच्या पॉटामुळें आम्हांस ओळखीची आहे. तीन भाग बर्फांत एक भाग मीठ मिसळलें असतां उष्णमान शून्याखालीं सुमारें २१ अंश सेल्सिअसपर्यंत उतरूं शकतें. कारण मिठामुळें बर्फ शून्याखालींहि वितळतो, आणि वितळण्यास लागणारी उष्णता तो जवळच्या वस्तूंतूनच ओढून घेतो. आइस्क्रीम फिरवीत गोठवितात, म्हणून त्यांतील बर्फाचे कण बारीक राहतात. पुडिंग मात्र स्थिर असतें. तें गोठून पुन्हां वितळलें, कीं त्यांतील पाणी वेगळें सुटतें व ताटलींत काळसर पाण्यांत स्पंजासारखा गोळा तेवढा उरतो. म्हणून मीठ नको आणि फ्रीझरहि नको.

बर्फ कोणता, हें पालकांनीं स्वतः पाहावें. मासळीसाठीं बंदरावर येणारा बर्फ पिण्याच्या पाण्याचा असेलच असें नाहीं. अखाद्य बर्फ निळा रंगवावा असा आदेश महाराष्ट्राच्या अन्न व औषध प्रशासनानें २०१८ सालीं काढला, तो याचसाठीं. असा बर्फ सांच्याबाहेर ठेवला तरी त्याचें पाणी आंत उडतें. घरच्या स्वच्छ पाण्याचाच बर्फ घ्यावा.

वाढतांना कडेनें ओलें बोट फिरवावें, ताटली सांच्यावर झांकून दोन्ही एकदम पालथीं करावीं, आणि पुडिंग सुटल्याचा हलका आवाज येईपर्यंत सांचा उचलूं नये.