सातवीचा प्रश्न

खगोलशास्त्रज्ञ जयंत नारळीकर २० मे २०२५ ला गेले, तेव्हा त्यांच्या पोस्टकार्डांची आठवण पुष्कळांनी काढली. मुलं सही मागायची. ते म्हणायचे, कार्डावर प्रश्न लिहून पाठवा, उत्तराखाली सही मिळेल. आमच्या गणित शिक्षकांच्या व्हॉट्सॲप गटावर त्या दिवशी फुलं आणि जोडलेले हात यांचा ढीग पडला. त्याच आठवड्यात गटाला कुलूप लागलं. यापुढं फक्त ॲडमिननी लिहायचं.

नेकनूरच्या नोकरीतली माझी पहिली वीस वर्षं सांगण्यासारखी नाहीत. जनगणना, निवडणूक, खिचडीचा हिशेब. गणितात अडलंच तर मांजरसुंब्यावरून बीड गाठायचं, नाहीतर गुपचूप गाइड उघडायचं. २२ जून २०१५ ला ‘प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र’चा शासन निर्णय आला आणि गुरुजींच्या गटांचं पेवच फुटलं. तेव्हा एका गटात शंभर जण मावायचे, पुढच्या वर्षी २५६. रात्री अकराला प्रश्न टाकला की झोपायच्या आत कुणीतरी वहीच्या पानाचा फोटो पाठवायचं. खोटं कशाला बोलू, बी.एड.पेक्षा जास्त मी तिथं शिकलो.

मग एका नव्या बाईंनी विचारलं, “उणे गुणिले उणे अधिक का? नियम पाठ आहे, पोरांना पटत नाही.” एका तज्ज्ञ मार्गदर्शकांचं उत्तर आलं, “मॅडम, हे सातवीचं आहे. जरा वाचत जा.” खाली अकरा अंगठे. त्यातला एक माझा. सकाळी बघतो तर बाईंनी गट सोडलेला.

पुढं सोपं कुणी विचारलंच नाही. तज्ज्ञ एकमेकांनाच सुप्रभात आणि प्रमाणपत्रं पाठवत बसले. हा रोग काही बीड जिल्ह्यापुरता नाही. गणितज्ञांनी २००९ मध्ये संशोधनापुरतं ‘मॅथओव्हरफ्लो’ हे प्रश्नोत्तरांचं संकेतस्थळ थाटलं, पुढच्या वर्षी बाकीच्यांसाठी वेगळं घर झालं. नवख्यांना आपल्याकडं परकं वाटतं, असं प्रोग्रामरांच्या ‘स्टॅक ओव्हरफ्लो’ संकेतस्थळानं २०१८ मध्ये उघड कबूल केलं. आमच्याकडं कबुलीलाही आता ॲडमिन लागतो. उलट इथल्या बंकटस्वामींच्या मठात भजनाला नवख्या पोराचा टाळ चुकला, तर शेजारचा काही बोलत नाही. स्वतःचा ठेका जरा ठळक धरतो.

परवा बाजारात दुकानदारानं उधारीच्या वहीतल्या दोनशेच्या तीन नोंदी खोडल्या. गिऱ्हाइकाचे सहाशे सुटले. उधारी उणे, खोडणं उणे, सहाशे अधिक. त्या बाई कुणाच्या ओळखीच्या असतील तर एवढं कळवा. पत्ता मिळाला तर कार्ड मीच टाकतो.