गंजिफा : वार्धक्यातील दुपारचा एक जुना सोबती

वैशाखातील दुपारी वृद्धांनी घराबाहेर पडू नये, असे विदर्भातील प्रत्येक डॉक्टर सांगतो. परंतु त्या लांब दुपारी घरात बसून करायचे काय, याचे उत्तर सहसा कोणी देत नाही. भिवापुरातील कितीतरी घरांत त्या वेळी टीव्ही चालू असतो आणि त्याच्यापुढे आजोबा पेंगत असतात. अशा घरांसाठी आज एका जुन्या छंदाची ओळख करून द्यावीशी वाटते.

गंजिफा म्हणजे हाताने रंगविलेले गोल पत्ते. बाबराने १५२७ साली सिंधमधील आपल्या स्नेह्याला गंजिफा पाठविल्याची नोंद त्याच्या आत्मचरित्रात आहे. मोगली संचात ८ रंगांची ९६ पाने असत. आपल्याकडे या खेळाने दशावताराचे रूप घेतले. १० अवतारांचे १० रंग. प्रत्येक रंगात राजा, प्रधान आणि एक्क्यापासून दश्शीपर्यंतची पाने. अशी एकूण १२० पाने होतात. मत्स्याच्या रंगावर मासा, कूर्माच्या रंगावर कासव, वामनाच्या रंगावर कमंडलू, तर परशुरामाच्या रंगावर परशू काढलेला असतो.

सावंतवाडीत ही कला लोप पावू लागली असता राजे शिवरामराजे भोसले व राणी सत्त्वशीलादेवी यांनी १९७० च्या दशकात ती एका वृद्ध चितारी कलावंताकडून शिकून घेतली आणि राजवाड्यातच कारागिरांना काम दिले. आपल्या भिवापुरी मिरचीप्रमाणे सावंतवाडीच्या गंजिफालाही आता भौगोलिक मानांकन लाभले आहे. जगभरचे संग्राहक हे संच जपून ठेवतात. मुंबईत दीर्घकाळ राहिलेले कलासमीक्षक रुडॉल्फ फॉन लायडन यांनी आयुष्यभर गंजिफांचा अभ्यास केला.

डॉक्टर म्हणून मला या खेळाचे आकर्षण वाटते ते त्याच्या नियमांमुळे. यात राजा व प्रधान सर्वांत मोठे. मात्र निम्म्या रंगांत दश्शी मोठी, तर उरलेल्या निम्म्यांत एक्का मोठा. दिवसा खेळताना आरंभ रामाचा, रात्री कृष्णाचा. तिघांत प्रत्येकी ४० पाने. कोणती पाने पडून गेली, हे ध्यानात ठेवावे लागते.

याने स्मृतिभ्रंश टळतो काय? न्यूयॉर्कमध्ये ७५ वर्षांवरील ४६९ व्यक्तींच्या २००३ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात वाचन, वाद्यवादन, पत्ते व पटावरचे खेळ यांत रमणाऱ्यांत स्मृतिभ्रंशाचे प्रमाण कमी आढळले. परंतु यावरून पत्ते हे औषध ठरत नाही. आजाराच्या अगदी आरंभी माणूस आपले छंद स्वतःहून सोडतो, हेही त्यामागचे एक कारण असू शकते.

हाच मुद्दा शुश्रूषा करणाऱ्यांनी नीट लक्षात घ्यावा. नेहमी खेळणारी आई एकाएकी ‘आता नको’ म्हणू लागली, तर तिला कंटाळा आला असे समजून विषय सोडू नका. प्रथम डोळे तपासा; मोतीबिंदूमुळे पत्त्यावरची चिन्हे पुसट दिसतात. मग ऐकू येते का, बोटांची सांधेदुखी वाढली आहे का, मन उदास आहे का, हे पाहा. पूर्वीचे नियम वारंवार विसरले जात असतील, तर डॉक्टरांना दाखवा. थायरॉईडचे दोष किंवा बी-१२ ची कमतरता यांसारखी उपचार होऊ शकणारी कारणेही त्यातून हाती लागतात. मात्र चुकीच्या पानावरून नातवंडांदेखत टोकू नये. तेवढ्याने माणूस डावातून कायमचा उठतो.

महागडा संच घेण्याची गरज नाही. जाड पुठ्ठ्याच्या मोठ्या गोल चकत्या कापा. दहा अवतारांऐवजी घरातल्याच दहा खुणा घ्या: बैलगाडी, मिरची, तुळस, चष्मा. आजी सांगतील, नातवंडे रंगवतील. खुणा ठळक व गडद असाव्यात. पाने हातात धरवत नसतील, तर खाच पाडलेल्या लाकडी पट्टीत उभी करून ठेवा. स्मरणशक्ती उणावलेल्यांसाठी १२० पानांचा डाव मांडू नका. दोन-तीन रंग वेगळे करण्यासही द्या, तोही खेळच आहे.

घरात जुना रंगीत संच सापडला, तर तो ओल्या फडक्याने पुसू नका आणि पान उचलताना बोटाला थुंकी लावू नका. जुन्या चित्रकारीत हिंगूळ व हरताळ यांसारखे विषारी रंग वापरीत. असा संच लहान मुलांच्या हाती न देता कोरड्या पेटीत ठेवा आणि खेळायला पुठ्ठ्याची पाने घ्या. डाव मांडताना उजेड पाठीमागून येऊ द्या, पाण्याचा तांब्या शेजारी असू द्या, आणि तासाभराने सर्वांनी उठून चार पावले चालावे.