सकाळी सातचा सामना

१८ ऑगस्ट १९२४. सोमवार, सकाळचे सात. प्रशांत महासागरातल्या सामोआ बेटांवर, आपिया गावच्या मैदानात, सामोआ आणि फिजी यांच्यात रग्बीचा सामना सुरू झाला. सामोआचा हा पहिलाच आंतरराष्ट्रीय सामना. वेळ एवढी सकाळची ठेवली होती, कारण यजमान खेळाडूंना खेळ आटोपून कामावर हजर व्हायचं होतं. मैदानाच्या मधल्या रेषेवर एक झाड उभं होतं. त्याला वळसा घालत दोन्ही संघ खेळले. फिजीने ६-० असा सामना जिंकला आणि हरलेली मंडळी आपापल्या कामाला गेली. परतीच्या सामन्यात मात्र सामोआने ९-३ अशी परतफेड केली.

त्या मैदानावर सुरू झालेला संघ म्हणजे आजचा ‘मनू सामोआ’. मनू हे जुन्या काळातल्या एका शूर योद्ध्याचं नाव, असं सांगतात. सामोआची वस्ती जेमतेम दोन लाखांची, आपल्याकडच्या एखाद्या तालुक्याएवढी. पण रग्बी, अमेरिकन फुटबॉल, वेटलिफ्टिंग, बॉक्सिंग, अगदी जपानची सुमो कुस्तीसुद्धा, कुठेही पाहा, सामोअन नाव भेटतंच. एवढ्याशा मुलखातून इतके खेळाडू कसे निघतात, असं विचारलं की ठरलेलं उत्तर येतं: ‘त्यांच्या अंगातच ताकद असते.’ हे उत्तर मला कधी पटलं नाही. वरवर ते कौतुकाचं वाटतं, पण त्यात माणसाची मेहनत आणि त्याच्यामागे उभं असलेलं गाव दोन्ही पुसली जातात.

ही ताकद कुठे तयार होते ते पाहायचं तर सामोआतल्या रविवारची पहाट पाहावी. सूर्य उगवायच्या आत घरातली तरुण मुलं ‘उमू’ पेटवतात. उमू म्हणजे तापलेल्या दगडांची भट्टी. नारळ सोलायचे, फोडायचे, खोबरं खवून दाट रस पिळायचा. अळूच्या कोवळ्या पानांची पुरचुंडी करून त्यात हा रस ओतायचा. अळूचे कंद आणि कच्चे विलायती फणस दगडांवर रचायचे आणि वरून पानांचे थर देऊन सगळं झाकून टाकायचं. चर्चमधली प्रार्थना आटोपून घरचे परत येतात तोवर जेवण तयार असतं. आधी वडीलधाऱ्यांना वाढलं जातं. रांधणारी मुलं मागून जेवतात. या राबण्याला सामोअन भाषेत ‘तौतुआ’ म्हणतात, म्हणजे सेवा. अधिकाराची वाट सेवेतून जाते, अशी तिथली म्हणच आहे. कुटुंबाचा प्रमुख ‘मताई’ होतो तो केवळ वयाच्या जोरावर नव्हे. त्याने घरासाठी काय केलं, हे पाहिलं जातं. तिथे खेळही या सेवेतच मोडतो.

रग्बीच्या आधी तिथे पोचलं होतं क्रिकेट. इंग्रजांनी एकोणिसाव्या शतकात नेलेल्या या खेळाला सामोआने आपल्या घाटात बसवलं आणि नाव दिलं ‘किलिकिटी’. त्याची बॅट हातात घेतली तर आपण चक्रावून जाऊ. ती आपल्या बॅटपेक्षा लांब, खाली जड आणि तीन बाजूंची, जुन्या युद्धातल्या सोट्याची आठवण करून देणारी. मुठीला काथ्याची दोरी घट्ट गुंडाळलेली. चेंडू कडक रबराचा, त्यावर केवड्याच्या जातीच्या पानांचं वेष्टन. बॅटच्या तीन बाजूंमुळे चेंडू कुठे उडेल ते फलंदाजालाही नेमकं सांगता येत नाही. संघात अकराच जण हवेत असं बंधन नाही, अख्खा गाव उतरला तरी चालतं. बायकाही खेळतात. गाणी, टाळ्या, नाच हे सगळं खेळाच्या आतलंच. आणि पाहुण्या संघाला पोटभर जेवू घालणं ही यजमान गावाची जबाबदारी असते.

क्रिकेटच्या वाटेने सामोआ आपल्यालाही भेटून गेला आहे. २०२१ च्या कसोटी अजिंक्यपदाच्या अंतिम सामन्यात भारताविरुद्ध विजयी चौकार मारणारा रॉस टेलर आठवतो? त्याची आई सामोअन. आयपीएलमध्ये तो पुणे वॉरियर्सकडूनही खेळला. ऑगस्ट २०२४ मध्ये आपियातच सामोआच्या डॅरियस व्हिसरने वानुआतूविरुद्ध एका षटकात सहा षटकार ठोकले. नोबॉल धरून त्या एका षटकात ३९ धावा निघाल्या आणि युवराज सिंगच्या नावाशी जोडलेला ३६ धावांचा विक्रम मागे पडला.

रग्बी मात्र तिथे दुखऱ्या काळात रुजली. १९१४ मध्ये न्यूझीलंडने जर्मनीकडून सामोआचा ताबा घेतला. नोव्हेंबर १९१८ मध्ये ऑकलंडहून आलेल्या ‘तालुन’ जहाजाला विलगीकरणाविना आपियाच्या धक्क्याला लागू दिलं गेलं. त्या जहाजातून इन्फ्लुएंझा उतरला आणि देशातली सुमारे पाचवा हिस्सा माणसं दगावली. विसाच्या दशकाच्या सुरुवातीला मारिस्ट ब्रदर्स या ख्रिस्ती धर्मबंधूंनी शाळेतल्या मुलांच्या हाती रग्बीचा चेंडू दिला, तेव्हा क्वचितच एखादं घर सुतकाशिवाय राहिलं असेल. पुढे ‘माऊ’ ही अहिंसक स्वातंत्र्य चळवळ उभी राहिली. २८ डिसेंबर १९२९ रोजी तिच्या शांत मिरवणुकीवर न्यूझीलंडच्या पोलिसांनी गोळ्या झाडल्या आणि चळवळीचे नेते तुपुआ तमासेसे लेआलोफी तिसरे त्यात गेले. १ जानेवारी १९६२ ला सामोआ स्वतंत्र झाला. राज्यकर्त्यांचा आवडता खेळ मात्र त्याने टाकला नाही. तोवर तो गावागावाचा झाला होता.

स्वातंत्र्याच्या आगेमागे हजारो सामोअन कुटुंबं न्यूझीलंडला गेली, कारण तिथल्या कारखान्यांना कामगार हवे होते. मग सत्तरच्या दशकात मंदी आली आणि त्याच माणसांच्या दारावर पहाटे पोलिसांच्या थापा पडू लागल्या. मुदतीपेक्षा जास्त राहिलेल्यांना शोधण्यासाठी टाकलेले हे ‘पहाटेचे छापे’. त्याबद्दल न्यूझीलंडच्या सरकारने २०२१ मध्ये जाहीर माफी मागितली. त्याच वस्त्यांतल्या मुलांनी न्यूझीलंडच्या रग्बी संघाची, म्हणजे ऑल ब्लॅक्सची, काळी जर्सी गाजवली. सामोअन वंशाचा ब्रायन विल्यम्स १९७० मध्ये त्या संघातून वर्णभेदी दक्षिण आफ्रिकेत खेळायला गेला, तेव्हा तिथल्या सरकारने त्याला ‘मानद गोरा’ ठरवून प्रवेश दिला. मायकल जोन्स हा तर जगातल्या सर्वोत्तम खेळाडूंपैकी एक. रविवार देवाचा म्हणून तो रविवारी खेळत नसे, आणि त्यापायी त्याने १९९१ च्या विश्वचषकाची उपांत्य फेरीही सोडली.

तोच १९९१ चा विश्वचषक सामोआचा पहिला. १९८७ मध्ये त्यांना बोलावणंच आलं नव्हतं. कर्णधार होता पीटर फातियालोफा, ऑकलंडमध्ये पियानो वाहून नेण्याचं काम करणारा. रग्बीत दोन्हीकडचे आठ-आठ जण खांद्याला खांदा भिडवून रेटारेटी करतात, त्याला स्क्रम म्हणतात. त्याच्या पहिल्या फळीत फातियालोफा असायचा. अवजड पियानो जिन्यावरून उतरवताना भार कुणी कधी घ्यायचा हे बरोबरच्या माणसाला न बोलता कळावं लागतं. स्क्रमचं मर्म याहून वेगळं नाही. त्या स्पर्धेसाठी ‘सिवा ताऊ’, म्हणजे युद्धनृत्य, नव्याने बांधलं गेलं. एकाने हाक द्यायची आणि बाकीच्यांनी मांड्यांवर थापा मारत, पाय आपटत एका आवाजात तिला ओ द्यायची.

६ ऑक्टोबर १९९१, कार्डिफ आर्म्स पार्क. वेल्स म्हणजे रग्बीचं माहेरघर. सामोअन खेळाडूंच्या पकडी इतक्या कडक होत्या की वेल्सच्या एकापाठोपाठ एक खेळाडूंना मैदान सोडावं लागलं. सामना संपला तेव्हा फलकावर आकडे होते १६-१३, सामोआच्या बाजूने. तेव्हा देशाचं अधिकृत नाव पश्चिम सामोआ होतं. बरं झालं, अख्खा सामोआ आला नाही, असा विनोद वेल्समध्येच फिरू लागला. तिकडे आपियात मध्यरात्र उलटून गेली होती. सामोआने पुढे अर्जेंटिनाला ३५-१२ असं हरवून उपांत्यपूर्व फेरी गाठली आणि स्कॉटलंडकडून हार पत्करली. चार वर्षांनी पुन्हा उपांत्यपूर्व फेरी, आणि १९९९ मध्ये कार्डिफलाच वेल्सवर पुन्हा विजय, ३८-३१.

या कौतुकाला एक सल चिकटलेला आहे. १९९१ च्या संघातले फ्रँक बन्स आणि स्टीफन बॅचप पुढे ऑल ब्लॅक्सकडून खेळले. नंतर तर नियमच झाला की एकदा एका देशाची जर्सी घातली की दुसऱ्याची घालता येणार नाही. मोठ्या देशाने तरुण वयात दोन-चार सामने खेळवून बाजूला ठेवलेला सामोअन खेळाडू मग कायमचा अडकून पडायचा. १ जानेवारी २०२२ पासून हा नियम सैल झाला. तीन वर्षं थांबून आपल्या, आईवडिलांच्या किंवा आजीआजोबांच्या जन्मभूमीकडून खेळता येऊ लागलं. माझ्या मते हा न्याय फार उशिरा झाला. ज्या ऑल ब्लॅक्सना सामोअन घरांनी एवढे खेळाडू दिले, तो संघ आपियात पहिला कसोटी सामना खेळायला आला तो थेट ८ जुलै २०१५ ला. न्यूझीलंडने तो २५-१६ असा जिंकला. पण १९२४ पासून ९१ वर्षं वाट पाहिलेल्या गावाला निकालापेक्षा पाहुणे दारी आले याचंच अप्रूप अधिक होतं.

वाट पाहणं सामोआला नवं नाही. एले ओपेलोगे या वेटलिफ्टरने २००८ च्या बीजिंग ऑलिंपिकमध्ये चौथा क्रमांक मिळवला आणि रिकाम्या हाताने ती घरी परतली. दोनच वर्षांनी आपल्या भारतात, दिल्लीच्या राष्ट्रकुल स्पर्धेत, तिने सुवर्णपदक जिंकलं. २०१६ मध्ये जुन्या नमुन्यांची फेरतपासणी झाली, तिच्या पुढच्या दोघी उत्तेजकं घेतल्याबद्दल दोषी ठरल्या आणि एले रौप्यपदकाची मानकरी झाली. सामोआचं हे पहिलं ऑलिंपिक पदक. तिच्या भावंडांनीही वेटलिफ्टिंगमध्ये नाव काढलं. धाकट्या डॉनने २०२२ मध्ये राष्ट्रकुल सुवर्ण आणलं. एकाच घरात इतके लोक वजन उचलतात तेव्हा एकमेकांना पाहून, एकमेकांना उठवून घडलेलं एक शिस्तीचं घर मला दिसतं.

शरीराच्या जोरावर घर उभं करण्याची किंमतही मोजावी लागते. शेजारच्या अमेरिकन सामोआतली मुलं अमेरिकन फुटबॉलकडे वळतात. १९४५ मध्ये अल लोलोताई त्या खेळाच्या व्यावसायिक लीगमधला पहिला सामोअन ठरला. पुढे ट्रॉय पोलामालू, ज्युनियर सिआऊ अशी मोठी नावं झाली. २०१२ मध्ये सिआऊने स्वतःचं जीवन संपवलं. नंतरच्या तपासणीत त्याच्या मेंदूत वारंवारच्या आघातांनी होणारा आजार सापडला. ‘अंगातच ताकद असते’ म्हणणारे इथे गप्प होतात. ताकदवान माणसालाही दुखतं, हे त्या वाक्यात बसत नाही.

आणि तरी, २०२२ चा नोव्हेंबर. रग्बी लीग या रग्बीच्या तेरा जणांच्या प्रकाराचा विश्वचषक इंग्लंडमध्ये चालू होता. सामोआचा संघ ‘टोआ सामोआ’, टोआ म्हणजे शूर. पहिल्याच सामन्यात इंग्लंडने त्यांना ६०-६ असं चिरडलं. महिन्याभरात उपांत्य फेरीत पुन्हा इंग्लंडच समोर आलं. ८० मिनिटांनंतर बरोबरी, जादा वेळ, आणि स्टीफन क्रायटनच्या पायातून सुटलेला चेंडू खांबांच्या मधून पार. २७-२६. प्रशांत बेटांवरचा एखादा संघ अंतिम फेरीत जाण्याची ही पहिलीच वेळ. अंतिम सामन्यात ऑस्ट्रेलियाने ३०-१० असं हरवलं, तरी ऑकलंड-सिडनीच्या रस्त्यांवरचे झेंडे खाली आले नाहीत. त्या संघातले बहुतेक जण न्यूझीलंड-ऑस्ट्रेलियात वाढलेले. मोठ्या देशांची दारं उघडी असतानाही काहींनी आजीआजोबांच्या बेटांची जर्सी निवडली होती.

सामोआने २०११ च्या अखेरीस कॅलेंडरमधला एक दिवस गाळून स्वतःला वाररेषेच्या पलीकडे नेलं. एकेकाळी जगात अगदी शेवटी मावळणाऱ्यांपैकी असलेला तिथला दिवस आता सर्वांत आधी उजाडणाऱ्यांपैकी आहे. उपांत्य सामना लंडनमध्ये शनिवारी दुपारी होता. आपियात तेव्हा रविवारची पहाट होती, उमू पेटवण्याची वेळ. क्रायटनचा चेंडू खांबांतून गेला तेव्हा बेटांवर उजाडायला आलं होतं. दगड तापवायचे होते, नारळ फोडायचे होते, चर्चला वेळेत पोचायचं होतं. १९२४ च्या त्या सोमवारसारखाच सामना संपला होता आणि माणसांना कामाला लागायचं होतं.